कूलरच्या मागचं दार

वडनेरच्या शाळेत शिकून इंजिनीअर झालेला मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बोरगाव मेघेच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशा पोरगाच काढणार, असं बाबा सगळ्या सोयऱ्यांना सांगून बसले होते. त्यांनी मला शिकवलं, तर निदान त्यांचं घर तरी पुस्तकात लिहिल्यासारखं व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा होती.

पुस्तकात असं होतं की आग लागली तर बाहेर पडायला वाट पाहिजे. दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे आणि त्याच्या वाटेत सामान ठेवता कामा नये. हे नियम मुख्यतः मोठ्या इमारतींसाठी. आमच्यासारख्या बैठ्या घराला कोणी विचारायला येत नाही. तरी मी मागच्या खोलीला, बाहेरच्या बाजूला उघडणारं एक दुसरं दार काढलं.

नकाशा पाहून थोरले काका म्हणाले, "दक्षिणेले दार? यमाले चहाले बोलावून राह्यला का बे?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण बाबाच मध्ये बोलले. "पोरगा शिकला आहे. राहू दे दार."

मला भरून आलं. बांधकाम चालू असताना ते स्वतः सुतळी घेऊन त्या चौकटीचं माप घेत, तेव्हा तर वाटलं, माझ्या शिक्षणाचं चीज झालं. होळी झाली आणि सुतळीचा उलगडा झाला. बाबांनी माळ्यावरचा लोखंडी कूलर उतरवला, मागच्या बाजूला विटांचा चबुतरा रचला आणि कूलर त्या चौकटीत असा बसवला की बोटभरही फट उरली नाही. दाराचं पान बाहेर भिंतीला तारेने बांधून टाकलं.

"बाबा, ते बाहेर पडायचं दार आहे."

"मग पावसाळ्यात पड ना बाहेर. उन्हाळ्यात कोण जाते घराबाहेर?"

मग वर्ध्याचा मे महिना आला. मीही त्याच कूलरसमोर झोपत होतो.

पुढच्या दारालाही बाबांनी स्वतः पसंत करून कुलूप आणलं होतं. ते आतूनही किल्लीनेच उघडायचं. चोर खिडकीतून शिरला तरी दारातून टीव्ही नेऊ शकणार नाही, असा त्यांचा हिशोब. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्याच, त्यामुळे चोर खिडकीतून कसा शिरणार हे मी विचारलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी माझ्या धाकट्या बहिणीची नर्सच्या भरतीची परीक्षा होती. ती घरातली दुसरी पदवीधर. या वेळी जमलं नाही तर तिला पाहायला पाहुणे बोलवायचे, असं आईबाबांचं ठरलं होतं, आणि ते तिला माहीत होतं. ती पाण्याची बाटली घेऊन दाराशी उभी राहिली. बाबांनी किल्ली फिरवली. अर्धी किल्ली त्यांच्या हातात आली, अर्धी कुलुपातच राहिली.

मी चिमट्याने प्रयत्न केला. आईने खोबरेल तेल सोडलं. किल्लीवाल्याचा फोन वाजत राहिला. रविवारी दुपारी तो तरी कशाला जागा असेल? आवाज ऐकून शेजारच्या काकू बाहेरून आल्या आणि दार हलवून पाहू लागल्या.

"लई मजबूत कुलूप आहे हो भाऊजी. चोराच्या बापाले खुलत नाई!"

"दादा, गेट बंद होईन," बहीण म्हणाली आणि रडायला लागली. मग आम्ही सगळेच कूलरकडे पाहायला लागलो.

बाबांनी नुकताच तो काठोकाठ भरला होता. पाणी सोडायचं बूच बाहेरच्या बाजूला. मी जाळीतून ओरडलो, "काकू, मागं जाऊन बूच काढा!"

काकू गेल्या. पाणी सुटल्याचा आवाज काही येईना.

"काकू, काऊन थांबल्या?"

"बकेट आणतो ना! एवढं पाणी सांडू का? आमच्या नळाले दोन दिवस पाणी नाई!"

एक बादली भरली, दुसरी आणायला त्या पुन्हा घरी निघाल्या. इकडे बहीण घड्याळ बघत होती. बाबा एकदा तिच्याकडे आणि एकदा कूलरकडे पाहत होते. थोरल्या काकांशी भांडून वाटणीत मिळवलेला कूलर होता तो. त्याला ते दरवर्षी रंग द्यायचे, गवताच्या नव्या ताट्या लावायचे, आणि हात लावायचा तर आम्हाला परवानगी मागावी लागायची. त्यांनी प्लग काढला, बनियनवरच दोन्ही हात कूलरला टेकवले आणि मला म्हणाले, "पाहत काय राह्यला? ढकल."

कूलर चबुतऱ्यावरून असा कोसळला की बाजूच्या बाजेवर वाळत घातलेल्या काकूंच्या कुरड्या हवेत उडाल्या. बहीण ओल्या ताट्यांवरून उडी मारून बाहेर. तिच्यामागे बाबा. गाडीला किक बसली तेव्हाही त्यांच्या अंगात बनियनच होतं. काकू बादली घेऊन आल्या तर मागे मी उभा, आणि कुरड्या पाण्यात.

"या काय भिजवून खायच्या आता?" त्यांनी विचारलं.

केसात ताटीचं गवत घेऊन बहीण आत शिरली आणि गेट बंद झालं. तिने पेपर लिहिला, आणि यादीत नावही आलं.

कूलर चेपला होता. तो आता खिडकीच्या जाळीला लावतो. हवा कमी येते, पण बाबा चकार शब्द काढत नाहीत. कुलूप त्यांनी स्वतः काढून साधी कडी बसवली. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते मागच्या दाराने बाहेर काढून पुढच्या दाराने परत आणतात. थोरल्या काकांना तर दोनदा नेलं.

यंदा बहिणीला पाहायला हिंगणघाटकडचे लोक आले. शिक्षण, शेती, नोकरी, सगळं बोलून झालं. मुलाचे वडील म्हणाले, "तुमाले काई विचारायचं असन तं विचारा."

बाबांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "तुमच्या घराले मागचं दार आहे का?"

"आहे ना."

"उघडते?"

वडिलांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने आईकडे. "आता उन्हाळ्यात," वडील जरा चाचरत म्हणाले, "कूलर बसवला आहे त्याच्यात."

पाण्याचे ग्लास उचलणारी बहीण तिथेच थांबली.

"मग तो काढा आधी," बाबा म्हणाले. "मंग बोलू."