रिसीव्हर, रिमोट आणि आमची वांगी

ह्यांच्या विमानांचे किस्से मला गोळा करावे लागत नाहीत. ते वरून पडतात, वटार गावातल्या आमच्या भाजीच्या वाडीत. विमानं बिनइंजिनाची, वाऱ्यावर तरंगणारी. हातात रिमोट, विमानाच्या पोटात रिसीव्हर. दोघांचं बोलणं तुटलं की विमान कुणाचं ऐकत नाही. आणि खाली आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका वांगी तोडत असतात. माझा जीव तिथे अडकलेला.

*

पापडीचे बस्त्याव भाऊजी, ह्यांचे दोस्त. त्यांनी बटणांनी भरलेला रिमोट घेतला. मी एक बटण दाखवून विचारलं, हे कशाचं? म्हणाले, चाकं आत घ्यायचं. विमानाला चाकंच नव्हती.

"असू दे वहिनी, उद्या लागेल."

त्याच दिवशी अंगठा भलत्या बटणाला लागला नि विमान नाकावर, टोमॅटोत. आता त्या रिमोटवर विमान वळवायच्या दोन काड्या तेवढ्या उघड्या. बाकी सगळ्याला चिकटपट्टी!

*

ह्यांच्या रिमोटमध्ये सगळ्या विमानांची सेटिंगं साठवलेली. एका रविवारी विमान नवं, सेटिंग जुन्याचं. भाऊजी म्हणाले, डावीकडे घ्या. हे म्हणाले, डावीकडेच देतोय. विमान उजवीकडे वळून विहिरीत.

तेव्हापासून उडवायच्या आधी मी पुढ्यात उभी राहते. डावं दाखवा, उजवं दाखवा. चौथीत शाळा सुटली, पण ह्यांची मास्तरीण झाले.

*

मग कार्बनचं काळं विमान आलं. सिग्नल पोचतो का बघायला मी ते धरून लांब चालत जायचं, हे रिमोट हलवणार, शेपटी हलली पाहिजे. केळीपर्यंत पोचलेही नाही, शेपटी गप्प. हे म्हणाले, तूच नीट धरलं नाहीस. शेवटी कळलं, रिसीव्हरची वायर कार्बनच्या पोटात कोंबलेली, तिथे सिग्नल शिरतच नाही. वायर बाहेर काढली. मला कुणी सॉरी म्हटलं नाही.

*

आणि हे परवाचं. मोठं विमान, पंख माणसापेक्षा लांब. त्यात हे नखाएवढा रिसीव्हर बसवून आले. वजन वाचतं म्हणे. भाऊजींनी बजावलं, हा जवळ उडणाऱ्या खेळण्यांचा आहे, लांब गेला की सिग्नल सोडेल. ह्यांनी ऐकलं नाही.

बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. रुक्मी म्हणाली, "वहिनी, ते उडणार असेल तर आम्ही घरी जातो."

मी त्यांना बांधापलीकडे बसवलं. बसायचा पाट उचलला आणि वांग्यांच्या मधोमध जाऊन बसले.

"उडवा आता."

हे विमान धरून उभे. भाऊजी दुसरीकडे बघत राहिले. मी मान वर केली नाही, वांगी तोडत होते. देठ काही हाताला सापडत नव्हता.

बऱ्याच वेळाने हे आले. माझ्यासमोर मातीत बसले, विमानाचं नाक उघडलं, रिसीव्हर उपटून खिशात टाकला.

"चहा ठेव," म्हणाले.