वेस नसलेली गंगावेस

परवा आमच्या आत्याबाई हरवल्या... आणि चूक कुणाची म्हणाल, तर अख्ख्या कोल्हापूरची.

आत्याबाई म्हणजे आमच्या यांच्या आत्या. नागपूरच्या, सत्तरीपुढच्या, कोल्हापुरात पहिल्यांदाच आलेल्या. संध्याकाळी त्यांना अंबाबाईच्या देवळात सोडलं आणि म्हटलं, "दर्शन झालं की गंगावेशीत या, वेशीपाशी मी उभी राहते."

आता गंगावेशीत वेस कुठली? ती कधीच पाडली. पण आम्ही जन्मापासून "वेशीत भेट" म्हणतो आणि बरोबर भेटतोही... परक्या माणसाला तिथं दरवाजा दिसायला हवा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तासभर झाला तरी आत्याबाईंचा पत्ता नाही. मोबाईल बंद. त्यांना शुगर, गोळी घेतलेली, त्यात दर्शनाआधी काही खायचं नाही हा नेम...

वाटेवरची पापाची तिकटी पालथी घातली, पार देवळापर्यंत जाऊन आले. घरी फोन करायचा धीरच होईना. काय सांगणार होते?

परत आले तर गंगावेशीतल्याच दूध कट्ट्यावर, म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात तिथं, बायकांचा घोळका. मधे स्टुलावर आत्याबाई, हातात दुधाचा ग्लास...

म्हशीवाल्या मावशी माझ्यावरच उखडल्या. "काय वो, म्हाताऱ्या माणसाला असं सोडत्यात व्हय? वेस हुडकत नदीच्या घाटापत्तोर जाऊन आल्या ह्या. घेरी येत हुती. म्हटलं बसा हितं, कोण तरी हुडकत येईलच की."

"ज्याले इचारलं तो म्हणे, हीच की वेस," आत्याबाई म्हणाल्या. "मले वाटलं मस्करी करून राहिले. दरवाजा तं कुठीच नाही बाप्पा."

हसू का रडू कळेना. शेवटी आत्याबाईंना धरून भर चौकात रडलेच. मावशींनी न विचारता माझ्याही हातात एक ग्लास दिला आणि पुढच्या म्हशीकडे वळल्या.

रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, खांदे दुखत होते... किती आवळून धरले होते कोण जाणे.

मावशी, तुम्ही हे वाचणार नाही. दरवाजा गेला तरी वेशीवर तुम्ही होतात, म्हणून आमचं माणूस घरी आलं.