कागदावर स्वतंत्र

बोलताना सुजाता खरातचा उजवा हात टेबलाच्या बोटभर वर असायचा. टेकायचा नाही, लांबही जायचा नाही. एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "सवय हाय ताई. पोरगं विमान चालवून राह्यलं की आपला हात असाच ठेवायचा. धरला तर ते शिकत न्हाई, सोडला तर दोघंबी जातो."

सुजाता टेंभुर्णीच्या एका शाळामास्तरांची मुलगी. विमान चालवायला शिकली आणि मग दुसऱ्यांना शिकवू लागली. मोठ्या विमान कंपनीत जायचं तर गाठीशी उड्डाणाचे पुरेसे तास लागतात. ते ती तासाभराच्या अंतरावरच्या एका खासगी संस्थेत जमवत होती. जालन्यात मस्तगडला माझं कर सल्ल्याचं ऑफिस, आणि ती मागच्याच गल्लीत राहायची. पहिल्यांदा आली ती उभ्याउभ्याच विचारत, "ताई, मी नोकरीला हाय का माझं दुकान हाय, तेवढं बराबर सांगा."

प्रश्न खराच होता. डॉक्टर-वकिलांच्या फीवर कापतात तसा तिचा कर कापला जायचा, पगारावर कापतात तसा नाही. करारात ती 'स्वतंत्र सल्लागार' होती. म्हणजे रजा नाही, फंड नाही. पण पहाटे हजेरी, अंगावर संस्थेचा युनिफॉर्म, कोणाला शिकवायचं तेही संस्थाच ठरवणार, आणि दुसरीकडे शिकवायला सक्त मनाई.

"लक्षणं सगळी नोकरीची आहेत," मी म्हटलं, "कागद तेवढा स्वतंत्र माणसाचा."

"मंग खरं कोणतं?"

"भांडलीस तर लक्षणं. नाही भांडलीस तर कागद."

ती हसली. "आमची लाइन अंबडच्या बाजाराहून बारकी हाय, ताई. या टोकाला भांडलं की त्या टोकाला कळतंय."

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. डॉक्टरांनी उड्डाण बंद करायला सांगितलं. ती बाळंतपणाची रजा मागायला गेली, आणि तिथून थेट माझ्याकडे आली. त्या दिवशी बसलीसुद्धा नाही.

"म्यानेजर म्हणले, मॅडम, रजा कर्मचाऱ्याला असते, तुम्ही तर स्वतंत्र. म्हणलं बराबर. मंग घरी बसून जालन्यातल्या चार पोरांना हवामान न् नकाशे शिकवते. तर म्हणले, न्हाई, तुम्ही आमच्या हायेत, बाहेर शिकवता येणार न्हाई." ती माझ्याकडे बघत राहिली. "एकाच खुर्चीत बसून बोलले, ताई. मधी पाणीबी पेले न्हाईत."

मी कामगार कार्यालयात तक्रार करू म्हटलं. जिंकण्यासारखी बाजू होती. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. "तास पुरे होऊ द्या. आत्ता भांडले तर जमिनीवरच राहीन." मी पुन्हा दोनदा विषय काढला. तिसऱ्यांदा तिनंच हात जोडले.

मुलगी झाली. मूल चार महिन्यांचं झालं न झालं, तोच सुजाता परत रुजू झाली, त्याच करारावर. नवरा अंबडच्या कोर्टात कारकून, तिला तर अंधारातच निघावं लागे. म्हणून मुलीला टेंभुर्णीला आजीकडे ठेवायचं ठरलं.

त्या दिवशी बसस्टँडवर मीही गेले होते. सुजाता कामावरून तशीच युनिफॉर्ममध्ये आलेली. तिची आई बसमध्ये खिडकीशी बसली. सुजातानं लेकीला खिडकीतून आत द्यायला उचललं, तर पोरीनं कॉलर मुठीत घट्ट धरलेली. सुजातानं एकेक बोट सोडवलं. कंडक्टरनं घंटी मारली.

मला राहवलं नाही. "दोन दिवस जा की तूही. स्वतंत्र आहेस ना?"

"गेले असते," ती बसकडं बघतच म्हणाली. "माझी शिकाऊ पोरं दुसऱ्याला देतेत, ताई. मंग तास कुठून आणू?"

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी ती तिथंच उभी होती. पांढरा शर्ट छातीवर दुधानं ओला झाला होता. तिनं खांद्यावरची पर्स पुढं ओढून धरली.

"चला जल्दी," ती म्हणाली. "हा धुवून वाळत घालायचाय. पहाटं हाच लागतोय."