मेश्रामांचे ठोके

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. कबूलच करते — चहाबरोबर, हसायला वाचते. रिकाम्या खोलीत पैंजण वाजलं की मी शेजाऱ्यांच्या मांजराची चौकशी करणारी बाई आहे. तेव्हा उद्या कुणी माझं लिहिणं वाचून हसलं तर माझी तक्रार नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. कंपनी हिंजवडीत. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, आणि आमचा नियम असा की चूक परत करून दाखवता आली नाही तर ती चूक धरत नाहीत. भुताखेतांनाही मी हाच नियम लावत आले. पुढे जे सांगणार आहे ते मी परत परत करून पाहिलं. दर वेळी तेच झालं... त्रास तोच आहे.

घर शनिवार पेठेत, तिसरा मजला, मी आणि आई. आयटीतल्या माणसाला पस्तिशीत एकतर पाठ आठवते नाहीतर सायकल. मला सायकल आठवली. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, आईच्या भाषेत ‘बसायला सुद्धा धड नसलेली’. दर रविवारी आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप जुन्या मुंबई रस्त्याने कामशेतपर्यंत जाऊन यायचा. एकामागे एक, चाकाला चाक लावून. पुढचा वारा कापतो, मागच्यांना कमी दम लागतो, आणि पुढे राहायची पाळी आळीपाळीने येते.

हे सगळं मला शिकवलं मेश्रामांनी. खडकीच्या फॅक्टरीत फिटर, राहायला तिथल्याच क्वार्टर्समध्ये, मूळचे भंडाऱ्याकडचे. वय बावन्न. सायकल त्यांनी जुने भाग जमवून स्वतः बांधलेली, आणि आमच्या महागड्या सायकली ती चढावर मागे टाकायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला झापलं होतं. मी पुढे होते, खड्डा आला, मी तो छान चुकवला आणि गेले.

“मॅडम, हात कोण दाखवणार?” ते मागून ओरडले. “मागच्याले तुमची पाठ दिसते. रस्ता नाही दिसत.”

पुढच्याने खड्डा दिसला की हात खाली करून त्या बाजूला बोट दाखवायचं. मागचा त्या हाताच्या भरवशावर चालतो. मेश्रामांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की ते पायी चालतानाही हात दाखवायचे. त्यांच्या बायकोने, रत्नमालावहिनींनी, एकदा मला हसत सांगितलं होतं, “बाजारात माझ्या पुढं चालतात अन् खड्डा दाखवतात. लोक पाहून राहिले म्हटलं तरी ऐकत नाही.”

त्यांच्या पन्नाशीला ग्रुपने त्यांना छातीचा पट्टा भेट दिला होता. हा पट्टा हृदयाचे ठोके मोजतो आणि हँडलवरच्या छोट्या सायकल-कम्प्युटरला बिनतारी पाठवतो. मेश्रामांकडे कम्प्युटर नव्हता. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि त्यांनी कधी बोलूनही दाखवलं नाही. तुम्ही प्रेमानं दिलाय, लावतो, एवढंच. दोन वर्षं त्यांचे ठोके असे मोजले जात होते आणि बघणारं कुणी नव्हतं.

त्या रविवारी सकाळी सहा वाजता खडकीत भेटलो. मी कम्प्युटर चालू केला. त्यावर काहीतरी प्रश्न आला, मी न वाचता ‘हो’ दाबलं आणि निघाले. रोज दुसऱ्यांना ‘नीट वाचा, मग दाबा’ सांगणारी मी! माझ्या पट्ट्याचा सेल संपलेला होता. कम्प्युटर विचारत होता की जवळ दुसरा पट्टा सापडलाय, तो जोडू का. हे मला फार उशिरा कळलं.

देहूरोडच्या पुढे मी पुढे होते, माझ्या मागे मेश्राम. कम्प्युटरवर ठोके एकशे बारा. वारा समोरून, वेग तीसच्या वर, आणि एकशे बारा! एरवी माझे एकशे साठच्या खाली नसतात. मी मनातल्या मनात फुगले. आणखी जोर लावला. तरी एकशे चौदा. मी त्या आकड्याकडे बघत होते... आणि खड्डा आला. शेवटच्या क्षणी दिसला, मी हँडल वळवून निघाले. हात खाली गेला नाही.

मागून आवाज आला तो मी लिहिणार नाही.

मेश्रामांच्या हेल्मेटचे दोन तुकडे झाले होते. रक्त फारसं नव्हतं, म्हणून आम्हाला वेड्यांना वाटलं थोडक्यात वाचले. चिंचवडकडच्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूला मार, शुद्ध नाही, व्हेंटिलेटर. सगळ्यांनी वहिनींना सांगितलं, ‘खड्डा होता.’ मीही मान हलवली. खड्डा होताच की.

तीन दिवस मी सायकलकडे बघितलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरात बसवेना. आमच्या गॅलरीत ट्रेनर आहे — सायकलचं मागचं चाक त्यात अडकवायचं आणि जागच्या जागी पायडल मारायचं. पावसाळ्यात उपयोगी पडतो. मी तशीच, घरच्या कपड्यांत चढले आणि सवयीने कम्प्युटर चालू केला.

ठोके — चोपन्न.

माझ्या अंगावर पट्टा नव्हता. तो कपाटात होता, सेलशिवाय. आधी वाटलं, शेजारी कुणी लावला असेल. पण आमच्या इमारतीत छातीला पट्टा लावणारं दुसरं कुणी नाही. कमरेला लावणारे चार आहेत. मी कम्प्युटर बंद करून चालू केला, आतल्या खोलीत नेला, खाली पार्किंगमध्ये नेला, दुसऱ्या दिवशी ऑफिसला नेला. या पट्ट्यांचा आवाका फार तर चार मीटर. आकडा सगळीकडे होता. पन्नास-पंचावन्नच्या आसपास.

कुठला पट्टा जोडलाय त्याचा नंबर कम्प्युटरमध्ये दिसतो. मी वहिनींना फोन केला. मेश्रामांच्या कपड्यांची पिशवी त्यांच्याजवळच होती, आयसीयूबाहेरच्या खुर्चीखाली. पट्टा डॉक्टरांनी कात्रीने कापलेला. त्याच्या मागचा नंबर त्यांनी मला एकेक आकडा वाचून दाखवला.

तोच होता.

“वहिनी, मॉनिटर दिसतो का तुम्हाला?”

“काचेतून दिसते. काहून?”

“हिरवा आकडा किती आहे?”

“बावन्न,” त्या म्हणाल्या. माझ्या हातातही बावन्न.

मी कारण सांगितलं नाही. कम्प्युटर सायकलवर लावला आणि पायडल मारायला लागले, कारण हातापायांना दुसरं काही सुचत नव्हतं. पाच-सात मिनिटांत आकडा अठ्ठावन्न झाला, मग एकसष्ट. थांबले, तर हळूहळू खाली आला. परत मारलं, परत वर. अशी चार वेळा मी ‘टेस्ट’ केली. हा शब्द लिहिताना लाज वाटते. तासाभराने वहिनींचाच फोन आला. त्यांचा आवाज बदललेला होता.

“ताई, डॉक्टर म्हणाले, नाडी सुधारून राहिली.”

त्यानंतर मी माणसात राहिले नाही. घरून काम घेतलं. सकाळी दोन तास, दुपारी मीटिंगमध्ये आवाज बंद ठेवून तासभर, संध्याकाळी दोन तास. मेश्रामांनी शिकवलं तसंच — पुढच्यानं झटके मारायचे नाहीत, एकसारखं चालायचं, मागचा आपोआप येतो. मी पुढे, ते मागे. मांड्यांचे दगड झाले. आई दारात येऊन म्हणाली, “घाम पुसत जा. फरशी फुगली तर खालचे वर येतील.” मग म्हणाली, “कुणासाठी चाललंय हे?” रात्री तिने न विचारता माझे पाय चेपले.

आणि एवढं करून काय... पहिल्या दिवशी एकसष्ट. तिसऱ्या दिवशी त्याच जोराला सत्तावन्न. सहाव्या दिवशी पन्नासच्या वर काही केल्या जाईना. मी गिअर वाढवला, ओकारी येईपर्यंत मारलं. पन्नास. मागचा माणूस दमून चाक सोडत, मागे पडत असतो ना, तेव्हा पुढच्याला कळत नाही. मला कळत होतं. त्या आकड्यात सगळं दिसत होतं आणि उपयोग काडीचा नव्हता.

नवव्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. वहिनी जिन्याजवळच्या बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी सकाळी बाजूला बोलावून सांगितलं होतं, मेंदूचं काहीच चालत नाही, हृदय तेवढं आहे, तेही थकत चाललंय.

“सुई टोचायले जागा नाही राहिली हातावर,” त्या म्हणाल्या. “चेहरा ओळखू येत नाही. अन् हे हृदय कशाच्या भरवशावर चालून राहिलं, डॉक्टरलेच समजत नाही.”

मग मी सांगितलं. आधी कम्प्युटरचं सांगितलं, कारण ते सोपं होतं. त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं, “आम्ही असलं काही मानत नाही ताई. आमच्या घरात अंगारा नाही, धुपारा नाही.” मी म्हटलं, “मीही मानत नाही.” मग दुसरं सांगितलं. पुढे मी होते. खड्डा मला दिसला. मी आकडा बघत होते, हात दाखवला नाही.

त्या रडतील, मारतील, काहीतरी करतील असं मला वाटत होतं. मला ते हवं होतं.

“उद्या अकराला मला आत सोडतात,” त्या म्हणाल्या. “मी त्यांचा हात धरून बसते. अन् तुम्ही पाय थांबवा. खरं असंल तर सुटतील. खोटं असंल तर तुमचे पाय तरी वाचतील.”

“वहिनी, माझ्याच्यानं नाही होणार.”

“माझ्याच्यानं होते का?”

दुसऱ्या दिवशी साडेदहापासून मी पायडल मारत होते. आकडा सत्तेचाळीस. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन एकदा वाजून बंद झाला, असंच ठरलं होतं. मी तरी मारतच राहिले. दोन मिनिटं, चार मिनिटं... मला आयुष्यात कशाचीच इतकी भीती वाटली नव्हती. मग मी पाय थांबवले. ट्रेनरचा घरघर आवाज कमी होत गेला आणि बंद पडला. खाली भाजीवाल्याशी कुणीतरी वाद घालत होतं.

पंचेचाळीस. एकेचाळीस. पस्तीस. बराच वेळ चौतीसवर होता. वाटलं, मारावं का परत? पाय पायडलवर होते. एकदा, अर्धं पायडल, मी मारलंही. आकडा हलला नाही. मग तिथे आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. गॅलरीतल्या घड्याळात अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. हॉस्पिटलच्या कागदावरही तीच वेळ आहे, मी नंतर पाहिली.

त्यानंतर त्या कम्प्युटरने ठोके दाखवले नाहीत. माझ्या पट्ट्यात नवा सेल घालून पाहिला, माझेही दाखवत नाही. ग्रुपमधल्या एकाने तो उघडून तपासला, काही बिघाड नाही म्हणाला. नंबर कुठेतरी साठून राहिला असेल, मॉनिटरचं जुळणं योगायोग असेल, असंही म्हणाला. मीसुद्धा दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण योगायोग असेल तर मी एका माणसाला एकदाच मारलं. आणि खरं असेल तर दोनदा. यातलं कुठलं उत्तर मला हवंय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेश्रामांच्या पुण्यानुमोदनाला मी खडकीला गेले. क्वार्टरच्या अंगणात मांडव होता, मेणबत्त्या लावल्या, बुद्धवंदना झाली. मेश्रामांची सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली, पुढचं चाक वाकडं. मी सबंध वेळ मागेच बसले, वहिनींच्या समोर जायची हिंमत नव्हती. निघाले तर त्याच उठून आल्या. “रिक्षा कोपऱ्यावर भेटंल, चला,” म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. मी मागून चालले. क्वार्टर्सच्या त्या बोळात त्या एकदाही वळल्या नाहीत. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

मध्ये एक गटाराचं झाकण फुटलेलं होतं. त्याच्या जरा आधी वहिनींचा डावा हात खाली आला आणि बोट तिकडे झालं. मग हात परत पदराशी गेला. मी बाजूने वळून गेले.

ती सवय होती, की माफी होती, की ‘हे एवढंच करायचं होतं तुम्हाला’ असं त्या मला सांगत होत्या... मी विचारलं नाही, आणि आता विचारायची सोयही नाही, वहिनी नागपूरला आपल्या मुलीकडे निघून गेल्या. आकड्याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. त्या हाताचंही नाही. सायकल गॅलरीत ट्रेनरलाच अडकवलेली आहे. आई तिच्यावर टॉवेल वाळत घालते.