अर्ध्या तांब्याचं वजन

कोणतीही वस्तू हातात आली की कानस आधी तिच्यात रिकामं किती आहे ते बघायचा. दात घासायच्या ब्रशची दांडी त्यानं निम्म्यात तोडली होती. गाइडची कव्हरं, जाहिरातींची पानं, मागचे कोरे कागद फाडून टाकून तो पुस्तकं बारीक करायचा. मेसच्या काकूंनी वाढलेली फुगलेली पोळी बोटानं दाबून म्हणायचा, "काकू, ह्येच्यात लई रिकामं हाय."

"तुझ्या डोक्यापेक्षा कमीच हाय. गप गिळ," काकू म्हणायच्या.

लातुरात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. बारावीचं वर्ष. भूकंपाला सात-आठ वर्षं होऊन गेली होती आणि लातूर आता शिकवण्यांचं गाव झालं होतं; चौकाचौकात बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो लटकत. मी लोह्याचा, तो औशाकडच्या, भूकंपात पडलेल्या एका गावचा. त्याच्या खिशात कायम एक तिधारी कानस असायची, म्हणून वर्गानं त्याला ते नाव दिलं होतं. सर फळाभर सोडवायचे ते फिजिक्सचं गणित तो मला चार ओळींत करून द्यायचा. "सरांच्या गणितातबी रिकामं हाय," हे वर. त्या चार ओळी नसत्या तर मी डॉक्टर झालो नसतो. पुढं त्याचा संबंध येतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्याच्याकडं टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम होता. कॅसेट घालायचा, बाजारात मिळायचा तसलाच. दिवाळीत तो त्यानं गावी नेला आणि मलाही बरोबर नेलं. नव्या गावठाणात सगळी घरं एकसारखी. त्यातल्या एका घरात आण्णा, म्हणजे त्याचे वडील, खाटेवर उताणे पडलेले. भूकंपाच्या पहाटे घराची दगडी भिंत दोघांवर आली. आई गेली, आण्णा उरले, पण कमरेखालचं काही उरलं नाही. चुलती त्यांचं सगळं करायची. आण्णा फारसे बोलत नाहीत, असं तिनंच दारात मला सांगितलं.

कानसनं शेजारून टीव्ही आणला, खोक्यावर तिरपा मांडला आणि वरून विटा पडतात तो खेळ लावला. आण्णांनी मान वाकडी करून बटणं दाबायला सुरुवात केली. पहिल्यांदा हरले, पुन्हा हरले, मग एक अख्खी ओळ जुळली आणि नाहीशी झाली. ते हसले. चुलती चुलीपुढून उठून दारात आली.

"ह्ये धोंडे बरे हायेत की रं," आण्णा म्हणाले. "सांगून पडत्यात."

पण मान अवघडायची. थोड्या वेळानं त्यांनी बटणं खाली ठेवली. त्या दिवसापासून कानसच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. उताण्या माणसाला छातीवर धरून खेळता येईल असा गेम करायचा; पडदा, बॅटरी, सगळं त्यातच. आण्णांच्या हातांत किती जोर उरलाय ते बघायला त्यानं पाण्याचा तांब्या त्यांना वर धरायला लावला.

"तुजा गेम हाय का हंडा?" आण्णा म्हणाले. "पाणी काढ थोडं."

पाणी काढत काढत तांब्या अर्धा झाला तेव्हा हात थरथरायचे थांबले. अर्धा तांब्या. त्याच्यावर एक कणही चालणार नव्हता.

लातूरला आल्यावर त्यानं गेमचा डबा फोडला. आतली सर्किटची हिरवी पट्टी ट्यूबलाइटपुढं धरली की तांब्याच्या रेघा झाडाच्या पानातल्या शिरांसारख्या दिसायच्या. कोणती शीर कामाची, कोणती नाही, हे तो तासन् तास बघायचा. मग नाकाला रुमाल बांधून हॅक्सॉच्या पात्यानं तिची सूतभर, इंचाच्या आठव्या भागाएवढी, कड कापायचा, कापलेली बाजू कानशीनं घासायचा, तुटलेल्या शिरा पंख्याच्या वाइंडिंगच्या केसासारख्या तारेनं पुन्हा जोडायचा आणि मेसच्या टीव्हीला लावून बघायचा. चित्र आलं की म्हणायचा, "अजून एक सूत निघंल." ती भुकटी आमच्या अंथरुणात जायची आणि आम्ही दोघं खाजवत अभ्यास करायचो.

अडलं होतं पडद्याचं. नांदेडला माझ्या मामांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गुरुद्वाऱ्याला परदेशातून आलेले एक सरदारजी तळहाताएवढा टीव्ही दुरुस्तीला टाकून गेले होते, ते परत आलेच नव्हते. हलका, चपटा, अगदी हवा तसा. मीच कानसला ते सांगितलं होतं. "मामाला विचार गड्या," तो म्हणाला. "एवढं कर."

मी विचारलं. मामांनी तो उघडून साफ केला, चालवून बघितला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. "सरदारजी काय आता येत न्हाईत. म्हातारं माणूस खेळंल तरी," म्हणाले.

लातूरच्या एसटीत पिशवी मांडीवर घेऊन मी हिशेब केला. हा पडदा आज दिला तर कानस ते काम संपेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावणार नाही. परीक्षा तोंडावर आलेली. माझी गणितं कोण घेणार? परीक्षा झाली की देऊ. आण्णा इतकी वर्षं पडून आहेत, आणखी दोन-तीन महिने.

खोलीत आल्या आल्या त्यानं विचारलं, "मामा काय म्हणले?"

"नाही म्हणले. गिऱ्हाईकाची वस्तू आहे."

पडदा माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली गेला. त्याच्या खाटेपासून हातभर अंतरावर.

मग त्यानं उदगीरहून एका लहान टीव्हीची काचेची नळी, म्हणजे पिक्चर ट्यूब, आणली. जड होती. तिच्यासाठी बाकी सगळ्यातलं वजन काढणं आलं. काकूंच्या तराजूच्या एका पारड्यात तो अर्धा तांब्या पाणी ठेवायचा, दुसऱ्यात नळी, पट्टी, बॅटरी. नळीचं पारडं खालीच. पट्टीचं एक सूत कापून काय होणार होतं? पण कापण्यासारखं तेवढंच त्याच्या हातात होतं. संध्याकाळी माझी गणितं घ्यायचा, दुपारी कापायचा. मी बघत होतो. रोज वाटायचं, आज ट्रंक उघडावी. पण जितके दिवस जात होते, तितकं उघडणं अवघड होत होतं. आता उशीर का झाला तेही सांगावं लागलं असतं.

एका रविवारी दुपारी मेसच्या टीव्हीवर चित्र आलं नाही. त्यानं तारा हलवून बघितल्या, पट्टी उजेडाला धरली, पुन्हा लावली. नुसत्या मुंग्या. पट्टी एव्हाना काडेपेटीएवढी उरली होती. "एक सूत जास्त गेलं," तो म्हणाला. काकूंनी न मागता त्याच्यापुढं चहा ठेवला. त्या दिवशीसुद्धा मी गप्प राहिलो. आता पडदा देऊन तरी काय, असं मनाला सांगितलं, आणि खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखं वाटलं.

प्रॅक्टिकल संपली त्या आठवड्यात मेसच्या फोनवर चुलतीचा निरोप आला. आण्णा झोपेत गेले. कानस डोकं भादरून परत आला, सगळे पेपर दिले. मला हवे तेवढे मार्क पडले, त्याला नाही. तो बीएस्सीला गेला.

पडदा मी मामांना परत दिला. मित्राचं काम झालं, म्हणालो. मामांनी विचारलं, "खेळला का रे म्हातारा?" मी हो म्हणालो. त्यांना फार बरं वाटलं. ते पुढं पुष्कळ वर्षं दुकानात येणाऱ्यांना ही गोष्ट सांगायचे.

हे मी आजवर कोणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. मागच्या वर्षी कानस मुलीला दाखवायला माझ्या नांदेडच्या दवाखान्यात आला. उदगीरला शिकवण्या घेतो, केस पांढरे झालेत. मुलीचा ताप साधाच होता. औषध लिहून दिलं, चहा झाला, जुन्या खोलीच्या, काकूंच्या गोष्टी निघाल्या. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मुलीकडं बघून मिटलं.

निघताना तो दारात थांबला. "तुज्या मामाला येवढं सांग," म्हणाला. "त्या टायमाला मनातल्या मनात लई शिव्या घातल्या मी त्यांना. आता काय न्हाई. गिऱ्हाईकाची वस्तू, त्यांनी तरी कशी द्यावी?"

मामांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"सांगतो," मी म्हणालो.