वाटाण्यांची सांजवात

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा, मला आता सवय झाली आहे. मी निव्वळ दयेपोटी नऊ लेकरांना तीन आठवड्यांत म्हातारं केलं!

लेकरं म्हणजे वाटाण्याची रोपं. मैलापूरला आमच्या शेजारी वसुमती राहते, ती वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. घराणं मूळ तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची, पण मला हाक तमिळ रिवाजाप्रमाणे 'मामा'. चेन्नईच्या उकाड्यात वाटाणा कुठला टिकतोय? म्हणून तिच्या एसी खोलीत दोन फळ्यांवर दहा-दहा कुंड्या. वरच्या फळीला अठरा तास दिवा. खालच्या फळीला संध्याकाळी पाचपासून सकाळपर्यंत काळा पडदा.

बहिणीच्या बाळंतपणासाठी ती तंजावरला निघाली आणि किल्ली माझ्या हाती दिली. कुंड्यांना पाणी घालायचं, पाच वाजता पडदा ओढायचा, सकाळी सरकवायचा, एवढंच काम.

पहिल्या दिवशी ओढला. घरी आलो तर आमच्या हिनं देवापुढं दिवा लावलेला. आता तुम्हीच सांगा, तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवतात का? आमची आई तर गोठ्यातसुद्धा दिवा दाखवायची! वरची रोपं उजेडात शेंगांनी लगडलेली आणि खालच्या बिचाऱ्यांना ऐन दिवेलागणीला काळोखात कोंडायचं? दुसऱ्या दिवसापासून पडदा ओढणंच सोडलं. सांज झाली की मी खालच्या फळीवर बल्ब लावायचो, हात जोडायचो आणि निजायच्या वेळी विझवायचो.

काय सांगू! थोड्याच दिवसांत खालीही शेंगा! वसुमतीला मुद्दाम कळवलं नाही, चकित करायचं होतं ना.

मग शेंडे वाढायचे थांबले. पानं पिवळी पडली. मी पाणी वाढवलं, तरी माना टाकल्याच.

वसुमती आली आणि फळीपुढं उभी राहिली.

"मामा, पडदा?"

मी सगळं सांगितलं. त्याच आठवड्यात ती कोवळे शेंडे खुडून त्यांतलं संप्रेरक मोजणार होती. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रागावली असती तर बरं वाटलं असतं. पण तिनं खालच्याच फळीच्या कोपऱ्यातली एक कुंडी पुढं ओढली. खोक्याआड होती, म्हणून माझा बल्ब तिथं पोचला नव्हता. बी तेच, पेरणीचा दिवस तोच, आणि शेंडा अजून पोपटी, वाढतोच आहे!

"दिवस लहान असला की या जातीच्या वाटाण्यात जिबरेलिन हे संप्रेरक जास्त बनतं, शेंडा वाढत राहतो," वसुमती म्हणाली. "दिवस लांबला की ते घटतं, शेंगा भरतात, मग झाड थकतं. तुम्ही यांचा दिवस लांबवलात, मामा."

मी थक्क झालो. ना डोळे, ना घड्याळ, आणि एवढासा वाटाणा दिव्याचे तास मोजतो! साठ वर्षं रोज दिवेलागण पाहिली, पण झाडही ती पाहत असेल हे कधी मनात आलं नाही.

तिनं पुन्हा पेरणी केली. माती मी कालवून दिली. काल तिची वही टेबलावर उघडी दिसली. वर मथळा होता, 'झाड लवकर म्हातारं होण्याची कारणं'. खाली तीनच ओळी.

मोठा दिवस.

भरलेल्या शेंगा.

शेजारचे मामा.