इराची गाडी आणि देशपांडेबाईंच्या कुरडया

आमच्या नातीने माझ्या पायावरून गाडी घातली, तेव्हा तिला चौथं वर्ष लागलं होतं.

इराला जन्मापासून स्नायूंचा आजार. पायांत बळ नाही. हातांतलं किती टिकेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. त्यामुळे तिचं वाहन म्हणजे मी! (जुनं मॉडेल, जिन्यात धापा टाकणारं.) तिच्या थेरपिस्ट बाईंनी बॅटरीच्या गाडीचं सुचवलं, तेव्हा मी भडकलोच.

"एवढ्याशा पोरीला गाडी? मी आहे ना कडेवर घ्यायला!"

"आहात हो काका. पण तुम्ही न्याल तिथेच ती जाते. तिला कुठे जायचंय?"

मी नुसताच खोकलो.

माझा मुलगा निखिल हिंजवडीत नक्की काय करतो ते मला अजून कळलेलं नाही. पण त्याने खेळण्यातल्या गाडीला पाठीचा आधार, पट्टा आणि बोटभर दांडी बसवली. दांडी ढकलू तिकडे गाडी जाणार, सोडली की थांबणार.

रविवारी सकाळी मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या अंगणात चाचणी झाली. मी समोर हात पसरून उभा.

"ये, आबांकडे ये!"

आली की!

"शाब्बास! आता थांब. इरा, दांडी सोड! अगं सोड..."

"आबा, बाजूला!"

मी खाली बसलो. (सून म्हणते, पडलो.) गाडी मात्र थेट शेजारच्या देशपांडेबाईंनी चादरीवर वाळत घातलेल्या कुरडयांत! कर्रर्र!

"ए कार्टे! दिसत नाही का? सगळा चुरा केलास!" बाई धावत आल्या, आणि इराला बघून एकदम वरमल्या. "अगंबाई, ही होय! असू दे, असू दे. बिचारी..."

"नाही काकू, रागवा," सून प्राजक्ता म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "हिला आजवर कुणी रागावलंच नाही. काही मोडताच आलं नव्हतं हो तिला."

बाईंनी पदर खोचला. मग कमरेवर हात ठेवून कडाडल्या, "हो बाजूला माझ्या कुरडयांवरून! आत्ताच्या आत्ता!"

इरा खदाखदा हसली, उरलेल्या कुरडयांवरून गाडी वळवली आणि फाटकाकडे निघाली. प्राजक्ता मागे धावली.

कडेवरच्या इराचा गाल सदैव माझ्या कानाशी. पाठमोरी इरा मी कधी पाहिलीच नव्हती. दोन इवल्या वेण्या लांब लांब चालल्या होत्या. तिच्या जाण्याचा विचार मी कित्येकदा केला होता, कुणाला न सांगता. असंही जाता येतं, हे मात्र कधी सुचलं नव्हतं.

मी डोळे पुसत असताना देशपांडेबाईंनी मला पकडलं.

"फार लागलं का हो?"

"हो ना, गुडघा!" मी जोरजोरात गुडघा चोळत म्हणालो.

"गाडी पावलावरून गेली," बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि तेही दुसऱ्या पायाच्या!"